मोहाखालची गाडी

गाडीतला तो वास मला पहिल्यांदा आला, तेव्हा संघपालने एसी बंद केला आणि काच खाली घेतली. एप्रिलची दुपार, गडचिरोलीचं ऊन, बाहेरून तोंडावर झळा येतायत आणि हा माणूस म्हणतो, "मोकडी हवा चांगली राहते." इतक्या वर्षांच्या संसारात याच्या तोंडून मोकळ्या हवेचं कौतुक मी ऐकलं नव्हतं. चंद्रपूरच्या एका डॉक्टरांची जुनी गाडी आम्ही घेतली ती केवळ तिचा एसी झकास आहे म्हणून. उन्हाळा लागला की संघपाल कुठेही जायचं नसताना तिच्यात जाऊन बसायचा. असा माणूस भर उन्हात एसी बंद करतो, म्हणजे काहीतरी लपवतो. हे कळायला शाळेत शिकवावं लागत नाही. मी तर शिकवते.

वास दोन प्रकारचा होता. वरचा नुसता कुबट, पावसाळ्यात न वाळलेल्या मोज्यांसारखा. तसा तो कुठल्याही जुन्या एसीला येतो, त्याचं मला काही वाटलं नसतं. पण त्याच्याखाली दुसरा होता, गोडसर आणि आंबूस, आणि तो मी झोपेतही ओळखला असता. मोहाचा वास. आमचा जिल्हा दारूबंदीचा आहे. म्हणजे दुकानं नाहीत. दारू नाही असं नाही. मोहाची तर ज्याला हवी त्याला मिळते.

मी संघपालकडे पाहिलं. तो समोर रस्त्याकडे पाहत होता, नको तितक्या लक्षपूर्वक. घरी येऊन मी भांडी जरा जोरात घासली.

आता सांगायलाच हवं, की संघपाल पूर्वी प्यायचा. मारहाण, शिवीगाळ असलं काही नाही. वीज कार्यालयातून सुटायचा, मित्रांबरोबर कुठेतरी बसायचा, आणि घरी येऊन ओट्यावर झोपायचा. गुणी दारुडा, असं माझी बहीण म्हणायची. मला त्यात काही गुण दिसत नव्हता. घरात माणूस असून नसल्यासारखा होता, आणि आमची पोरगी पिंकी लहानपणी त्याच्याशी बोलायला जायची ती आधी माझ्याकडे बघून, आज जाऊ का म्हणून. शेवटी मी त्याला सांगितलं की आता एकदा जरी वास आला, तरी मी पोरीला घेऊन माहेरी आरमोरीला जाईन आणि बदलीही तिकडेच करून घेईन. मी असलं बोलते तेव्हा करते, हे त्याला ठाऊक आहे.

त्याने सोडली. बुद्धपौर्णिमेला विहारात सगळ्यांसमोर उभं राहून त्याने पंचशील पुन्हा घेतलं. पाचवं, दारूला न शिवण्याचं शील म्हणताना त्याचा आवाज असा कापला की माझ्या शेजारी बसलेल्या बाईने माझा हात धरला. त्यानंतरची वर्षं चांगली गेली. सुरुवातीला मी रोज संध्याकाळी त्याचा शर्ट उचलताना हळूच नाकाजवळ नेत असे. मग कधीतरी ती सवय माझी मलाच न कळता सुटली. त्याचं व्यसन सुटलं त्याहून मला या सवयीच्या सुटण्याचं सुख जास्त होतं. पिंकी नागपूरला शिकायला गेली आणि फोनवर आधी "बाबाले दे" म्हणू लागली. मला राग यायचा, पण खोटाच.

आणि आता हा वास. त्या संध्याकाळी मी पुन्हा त्याचा शर्ट हुंगला. घामाचा वास होता, बाकी काही नाही. याने जीव भांड्यात पडावा, पण पडला नाही. गाडीत वास आणि अंगाला नाही, म्हणजे हा आता हुशार झाला आहे, एवढंच मी त्यातून काढलं.

पुढच्या दिवसांत त्याने माझ्या संशयाला हवं ते सगळं पुरवलं. आधी गाडीत मोगऱ्याचा सेंट आला, आरशाला लटकवलेला. मग पुढच्या खणात कापराच्या वड्या. मग लिंबाची सालं. एक दिवस तर त्याने गाडीत उदबत्ती लावली आणि सीटला भोक पाडलं. गाडीत बसलं की आधी देवळात आल्यासारखं वाटायचं, मग बाजारात, आणि चामोर्शी रोड लागेपर्यंत सगळ्या सुगंधांना बाजूला सारून मोह वर यायचा. सेंटमुळे तर तो जास्तच ओंगळ व्हायचा. मी तोंडाला पदर लावायचे आणि तो काच खाली घ्यायचा. दोघेही वासाबद्दल चकार शब्द काढत नव्हतो.

मग तो ऑफिसला पायी जाऊ लागला.

"गाडी काऊन नेत नाई?" मी विचारलं.

"पाय मोकडे होतात," तो म्हणाला.

आता पायसुद्धा मोकळे हवे होते. विहारातून यायलाही त्याला उशीर होऊ लागला. यायचा तो गप्प, जेवायचा, वर मूठभर बडीशेप खायचा. बडीशेप तो तेव्हाही खायचा, पिण्याच्या दिवसांत, म्हणून ती बघितली की माझं डोकं फिरायचं. स्पष्ट विचारून सोक्षमोक्ष लावायचा, हा माझा स्वभाव. शाळेत पोरं मला टरकतात ती उगाच नाही. पण इथे माझी जीभ उचलत नव्हती. विचारलं आणि तो हो म्हणाला, तर मला बोलल्याप्रमाणे निघावं लागणार होतं. नाही म्हणाला, तर मला ते खरं वाटलं नसतं. मला भीती वाटत होती. आरमोरीला जायचं नव्हतं मला. या माणसाबरोबर म्हातारं व्हायचं होतं, आणि ते आता कुठे जमून आलं होतं.

या सगळ्यात आमची शेजारीण मंगली मात्र सकाळी सकाळी माझ्याशी भांडत होती, आणि तिचं भांडण वेगळंच होतं.

आमच्या फाटकाशी मोहाचं मोठं झाड आहे. झाड आमच्या प्लॉटवर, पण त्याची फुलं मंगलीची. इथे घरं व्हायच्या आधीपासून ती त्या झाडाची फुलं वेचते, तिच्याआधी तिची सासू वेचायची, आणि प्लॉट कुणी विकला, कुणी घेतला, याचा फुलांशी काही संबंध नसतो. त्यात कुणाचं भांडण नाही. मार्च लागला की पहाटे फुलं गळतात, मंगली खाली जुन्या साड्या अंथरते आणि उन्हं वर यायच्या आत टोपली भरून नेते. यंदा झाडाखाली आमची गाडी होती. गाडी उन्हात तापायला नको, मोहाच्या सावलीत लावा, असा हुकूम माझाच होता. त्यामुळे बिचारी टपावरून, बॉनेटवरून फुलं गोळा करत फिरायची.

"मास्तरीनबाई, तुमची गाडी माह्ये फुलं खाते," ती म्हणायची.

"गाडी पेट्रोल खाते, मंगली."

"नाई जी. काचीवर पडलेले दिसतात, मी येतो तवरिक अर्धे गायब. मी काय आंधडी हाओ?"

मी हसून आत जायचे. माझ्या डोक्याला तेव्हा दुसरी चिंता होती.

मे लागला. ऑफिसच्या कसल्याशा प्रशिक्षणासाठी संघपालला चंद्रपूरला जायचं होतं. मला वाटलं, निदान आता तरी गाडी नेईल. तो म्हणाला, "यष्टीनं जातो. बरी राहते यष्टी." मेच्या उन्हात, पत्र्याच्या बसमधून, आणि तीही बरी. त्याला फाटकातून बाहेर पडताना पाहिलं आणि माझ्या मनाने घेतलं की गाडीत काहीतरी आहे. ते माझ्या हाती लागू नये म्हणून हा गाडी बाहेर काढत नाही.

रविवारी दुपारी, गल्ली झोपलेली असताना, मी गाडीची किल्ली घेतली आणि बाटली शोधायला निघाले.

पोलीस घेणार नाहीत अशी झडती मी घेतली. सीटखाली हात घातला. शेंगांची टरफलं, पिंकीची हरवलेली क्लिप, विहारातलं वंदनेचं पुस्तक निघालं. डिकीत स्टेपनीच्या खाली पाहिलं. दाराच्या खणांतून लिंबाची वाळकी सालं काढली. घामाने ब्लाऊज पाठीला चिकटला होता, डोळ्यांत घाम उतरत होता आणि बाटली काही मिळत नव्हती. शेवटी जीव कासावीस झाला म्हणून पुढे बसले, दारं लावली, गाडी सुरू केली आणि एसी पूर्ण सोडला.

वास आला. भसकन, थेट तोंडावर, कुणीतरी पिऊन समोर येऊन बोलावं तसा.

मी तशीच बसून राहिले. संघपाल चंद्रपूरला होता. गाडीत मी एकटी होते, आणि मी काही घेतलेली नव्हती. हात लांब करून मी एसीचा पंखा बंद केला. वास विरळ झाला. पुन्हा सुरू केला. वास पुन्हा आला. तिसऱ्यांदाही तेच झालं. पोरांना विज्ञानाचे प्रयोग शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, आणि इतक्या दिवसांत हा एवढा प्रयोग मला सुचला नव्हता.

मग मी डोळे मिटून, राग बाजूला ठेवून, नीट वास घेतला. माझ्या लहानपणी गावात आमच्या घरामागे कुणाकुणाची मडकी पुरलेली असायची. फुलं पाण्यात सडत ठेवलेली, अजून चुलीवर न चढलेली. त्याला सडवा म्हणतात. सडव्याचा वास वेगळा आणि गाळलेल्या दारूचा वेगळा. दारूचा झोंबतो, सडव्याचा चिकट, फळ नासल्यासारखा. हा सडवा होता. माणूस दारू पितो, सडवा कुणी पीत नाही. आणि तेवढ्यात मंगली आठवली. माझी मलाच अशी लाज वाटली की त्या बंद गाडीत मी पदराने तोंड पुसत बसले, घाम केव्हाच वाळला होता तरी.

सोमवारी सकाळी मी गाडी बिरजूच्या गॅरेजमध्ये नेली. त्याने बॉनेट उघडलं, वायपरच्या खालची प्लास्टिकची जाळी हाताने चाचपली आणि एका कोपऱ्यात त्याची दोन बोटं आरपार गेली.

"जाडी तुटली हाय मॅडम. इथूनच हवा आत खेचते. काय पडन ते आत जाते. गाडी झाडाखाली लावता का?"

"मोहाखाली."

तो माझ्याकडे पाहून हसू दाबत आडवा होऊन पुढच्या सीटच्या पायाशी शिरला. ब्लोअर म्हणजे आतला पंखा खोलून त्याने खाली घेतला. पंखा बसतो त्या पोकळीत तपकिरी, बुळबुळीत लगदा भरला होता. वरची काही फुलं अजून फुलंच दिसत होती. एसीचं पाणी बाहेर जायची नळीही त्याच लगद्याने बुजली होती, त्यामुळे पाणी आत साचून सगळं मस्त मुरत होतं. शेजारचा टायरवाला आला, चहावाला आला. सगळ्यांनी वाकून आळीपाळीने वास घेतला.

"मॅडम, अजून चार दिवस थांबले असते त बाटली भरून निंगाली असती," बिरजू म्हणाला, आणि मीही हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोट धरून हसले.

त्याने नळी फुंकून मोकळी केली, तेव्हा गाडीखाली बादलीभर घाण पाणी सांडलं. एसीच्या कॉइलवर फेस मारून ती धुतली, पंखा घासला, नवी जाळी बसवली. निघताना म्हणाला, "आता एक ध्यानात ठेवा. घर आलं की एसी बंद करा, पन पंखा चालू ठेवा थोडा वेड. आतलं ओलं वाडते. ओलं राह्यलं की वास धरते. आन गाडी दुसरीकडे लावा." मी तो लगदा एका पिशवीत बांधून मागितला. त्याने कशाला असं विचारलं नाही. माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

संध्याकाळी मी गाडी घेऊन बसस्टँडवर गेले. चंद्रपूरची बस लागली आणि संघपाल उतरला, धुळीने माखलेला. मला पाहून तो खूश झाला. माझ्यामागे गाडी पाहून तो खुशी विसरला.

"तू जा पुढं, मी ऑटोनं येतो. सामान हाय."

सामान म्हणजे खांद्याला एक पिशवी. "बसा," मी म्हणाले. वर्गात वापरते तोच आवाज होता. तो बसला.

मी काचा वर केल्या आणि एसी पूर्ण सोडला. त्याने श्वास धरला. मला दिसलं ते, छाती फुगवून, ओठ मिटून, पाण्यात बुडी मारल्यासारखा माझा नवरा बसला होता. स्टँडच्या फाटकापर्यंत त्याने दम काढला. मग सोडावाच लागला. त्याने श्वास घेतला, पुन्हा घेतला, मग वाकून एसीच्या झरोक्याशी नाक नेलं. मागे टेकून बसला तेव्हा त्याचा चेहरा असा झाला होता की मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"गेला," तो म्हणाला.

"काय गेला?"

तो माझ्याकडे वळला. "वास. तुले येत होता?"

"मले नाई येणार त कोनाले येणार?"

"खरंच येत होता? तुलेबी?"

तो असं का विचारतो, ते मला कळेना. मग त्याने सांगितलं, थांबत थांबत, हात मांडीवर घासत. वास त्याला माझ्याआधीच येऊ लागला होता. गाडीत बसलं की मोह. आणि त्याच्या मनाने घेतलं की हा वास गाडीत नाही, आपल्या डोक्यात आहे. दारू सोडलेल्यांच्या बैठकीत कुणीतरी कधी बोललं होतं, की वर्षांनंतरही ती परत बोलावते, आधी वासातून. म्हणून त्याने सेंट आणले. मग गाडीत बसायलाच भ्यायला लागला, म्हणून पायी जाणं, म्हणून एसटी. संध्याकाळी विहारात तो सगळे गेल्यावरही बसून राहायचा, मन थाऱ्यावर यावं म्हणून. बडीशेपही त्यासाठीच, तोंडाला दुसरी चव म्हणून.

"तुमी मले बोलले काऊन नाई?"

"काय बोलू? चांगलं चाललं होतं आपलं. तू किती दिवसानं निवांत झोपून राह्यली होती. मले तुही झोप मोडायची नव्हती." मग त्याच्या डोळ्यांत ती गोष्ट उतरताना मला दिसली. "अन तुले येत होता त तू काऊन नाई बोलली? तुले वाटलं, मी..."

खोटं बोलायचं असतं तर तेव्हाच बोलता आलं असतं. "हाव," मी म्हणाले. "तसंच वाटलं. बाटली शोधली मी गाडीत."

तो बाहेर बघू लागला. समोर केळीवाला हातगाडी बंद करत होता. मला वाटलं, आता हा दुखावला, आणि त्याचा तो हक्कच आहे.

"मलेबी तसंच वाटलं होतं," तो म्हणाला. "एक दिवस त ऑफिसात मित्राले विचारलं, माह्या तोंडाचा वास येते का पाह्य. म्हनलं, आपन पेऊन राह्यलो का काय, अन आपल्यालेच ठाऊक नाई."

मी मागच्या सीटवरची पिशवी घेऊन त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने गाठ सोडली, आत पाहिलं, वास घेतला आणि डोकं मागे नेलं. मग पुन्हा घेतला. "हे एसीत होतं?" मी मान हलवली. तो हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याने ते पुसलं नाही. मी त्याला म्हणाले की पिशवी बंद करा, नाहीतर गाडी परत धुवावी लागेल.

मंगलीला सगळं सांगितलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी सांगतलं नव्हतं का?" गाडी आता घराच्या दुसऱ्या बाजूला उन्हात उभी असते आणि दुपारी सीटवर भाकर भाजता येईल. पुढच्या मार्चला झाडाखाली फक्त मंगलीच्या साड्या असतील.

बिरजूने सांगितलेलं आम्ही पाळतो. घर आलं की संघपाल एसी बंद करतो, पंखा चालू ठेवतो, आणि आतलं वाळेपर्यंत, गाडी जागेवर न्यायच्या आधी, आम्ही दोघं फाटकाशी तिच्यात बसून असतो. त्या वेळात आम्ही बोलतो. कशाची भीती वाटली, कुणाचा राग आला, पिंकीने फोन का केला नसेल, असलं सगळं. घरात गेलं की कामं असतात, बोलणं राहून जातं. काल मंगली फाटकावरून गेली आणि काचेवर टकटक करून म्हणाली, "घर आलं जी, उतरा ना." संघपालने हात हलवला. पंखा केव्हाच बंद झाला होता, आणि आमचं बोलणं अजून व्हायचं होतं.